दाराआधीचा खोकला

प्रिय खुडबुड्या,

तू बनवलेला कॉम्प्युटरवरचा खेळ मी खेळले. हसू नकोस. शेजारच्या शिक्षिकाबाईंनी दोन दुपारी शेजारी बसून शिकवलं. पहिल्या दिवशी नुसती भिंतीला नाक घासत होते, आता बरी चालते. अंधारं घर, हातात कंदील, प्रत्येक दाराला वेगळं कुलूप आणि ते उघडायचं कोडं. कोडी मला जड गेली नाहीत. कुलूपवाल्याची बायको मी, तीस वर्षं किल्ल्यांच्या खणखणाटात जेवलेय. तिसऱ्या दाराची किल्ली उलटी फिरते, तिथे लोक तासन्‌तास अडकतात म्हणे. आपल्या दुकानाचं कुलूप तसंच होतं ना रे?

खेळाबद्दल लोकांनी काय लिहिलंय तेही वाचते. मी शाळेत गेले नाही, किल्ल्यांना बांधलेल्या चिठ्ठ्यांवरून अक्षरं जुळवत वाचायला शिकले. त्यामुळे सावकाश वाचते, पण वाचलेलं विसरत नाही. एकाचा खेळताना चहा सांडला. एक बाई आठवडाभर दिवा लावून झोपल्या. एक महाभाग म्हणतो, कोडी बालिश आहेत. त्याला एकदा तिसऱ्या दारापाशी बसव. पण सगळ्यांत जास्त लिहिलंय ते खोकल्याबद्दल. दाराशी गेलं की पलीकडून कोणीतरी दोनदा खोकतं, मग किल्ली फिरवली की दार उघडतं, आणि अंगावर काटा येतो म्हणे.

मी तो पहिल्यांदा ऐकला आणि माझा हात माऊसवर तसाच राहिला. नवा माइक तपासताना तू बाबांना काहीतरी बोला म्हणालास आणि ते नुसतेच खोकले, तो हाच. मला सांगितलं का नाहीस? जमलं नसेल. मलाही कुठे जमतं! फोनवर आपण दोघं हवापाण्याचंच बोलतो.

तुला एक गोष्ट ठाऊक नाही. लग्न झालं तेव्हा मी फार दचकायची. ते मागून आले की हातातलं भांडं खाली. एकदा दुधाचं अख्खं पातेलं गेलं. ते रागावले नाहीत, पण त्या दिवसापासून दाराबाहेर थांबून दोनदा खोकायचे, मगच आत यायचे. शेवटी अंथरुणाला खिळले तेव्हा दारातून आत जाणारी मी होते, तरी आतून दोनदा खोकायचे. जगाला ज्याची धडकी भरते, तो आवाज मी घाबरू नये म्हणून होता.

परवा तू खेळणाऱ्यांना कळवलेलं वाचलं. खोकल्यामुळे माणूस आधीच सावध होतो, दचकायची मजा जाते, अशी तक्रार आहे. म्हणून शुक्रवारच्या अपडेटमध्ये तो काढणार आहेस. तुझं बरोबर आहे. दचकवायचं तर आधी खोकून कसं चालेल? खेळ तुझा, हवा तसा कर. फक्त माझ्या कॉम्प्युटरवर ते अपडेट येऊ देऊ नकोस. ते आपोआप येतं, असं शिक्षिकाबाई म्हणतात. कसं थांबवायचं, तेवढं शुक्रवारच्या आत कळव. शेवटच्या दाराचं कोडं मला केव्हाच सुटलंय. पण ते उघडलं की खेळ संपतो. म्हणून रोज जेवण आटोपलं की मी त्या दाराशी जाऊन उभी राहते, ते दोनदा खोकतात, आणि किल्ली न फिरवता मी परत येते.

तुझीच, आता न दचकणारी,
आई