जवळचं स्टेशन

८ नोव्हेंबर
आज मूल गावाहून आलापल्लीला गुणवंतरावांच्या मदतीला आलो. मन अगदी खूश आहे. गुणवंतराव वनखात्यातून निवृत्त झालेले, हौशी रेडिओवाले. त्यांची खोली गावापासून लांब, जंगलात. दोन सागांमध्ये अँटेनाची तार, टेबलावर रेडिओ, खाली बॅटरी. कोणता बँड, म्हणजे रेडिओलहरींचा पट्टा, कधी उघडतो, आवाज कुठवर पोचतो, हे पाहून लिहायचं, एवढंच काम. मी दहावी नापास, पण रेडिओच्या परवान्याची परीक्षा पास झालो. मूलमध्ये माझ्याशी कोणी फारसं बोलत नसे. इथे आल्या दिवशीच रेडिओवर हैदराबादच्या एका माणसाने आपुलकीने विचारपूस केली.

९ नोव्हेंबर
गुणवंतरावांनी नीट समजावलं. लांबचा आवाज आकाशातल्या थरावर आपटून खाली येतो, म्हणून तो सारखा कमीजास्त होतो. एकसारखा, ठाम आवाज आला तर स्टेशन जवळ आहे समजायचं. पण या जंगलात आपल्याशिवाय स्टेशन नाही, म्हणाले. उद्या ते डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरला जाणार, १९ तारखेला परतणार.

डबा आणणाऱ्या आशाबाई जाताना बोलल्या, "पोरा, जंगलात हाक आली तं पयल्या हाकेले ओ देऊ नोको. माणूस तीनदा हाक मारते. ते एकदाच मारते."

गुणवंतराव हसले. "बाई, आमच्या रेडिओत उलटं हाय. पयल्याच हाकेले ओ नाई देल्ली तं माणूस हरवते."

१३ नोव्हेंबर
फार एकटं वाटतं. दुपारभर माईकवर विचारत होतो, "कोणी ऐकतंय का?" कोणी नाही.

१५ नोव्हेंबर
दुपारी सगळे बँड एकदम मुके झाले. जोडण्या तपासल्या, ठीक होत्या. सूर्यावर स्फोट झाला की दिवसा असं होतं, आकाश आवाज गिळून टाकतं, हे शिकलो होतो. तरी रेडिओ चालूच ठेवला. तेवढ्यात हाक आली, "कोणी ऐकतंय का?" एकदाच. इतका आनंद झाला की लगेच ओ दिली. निकेश हे माझं नाव सांगितलं, खोलीचा ठिकाणा सांगितला. पुढे काही नाही.

आता लिहिताना लक्षात येतंय. आकाश बंद होतं. आणि आवाज जराही कमीजास्त झाला नाही.

१६ नोव्हेंबर
आशाबाईंना सांगितलं. त्यांनी डबा उंबऱ्यावरच ठेवला. "ठिकाणा काऊन सांगतला? चाल, माह्या घरी चाल." पण रेडिओ माझ्या भरवशावर सोपवलाय. गेलो नाही.

१७ नोव्हेंबर
बँड उघडले. हैदराबादचा आवाज वर-खाली होत होता. त्याच्यावर चढून तीच हाक. परवापेक्षा मोठी. शब्द माझे आहेत. आवाजही माझाच. उत्तर दिलं नाही.

१८ नोव्हेंबर
तार काढली. बॅटरी सोडवली. रेडिओ बंद आहे. हाक आली — स्पीकरमधून नाही. सागांकडून.

१९ नोव्हेंबर
आशाबाई आल्या नाहीत. भर दुपार, पण एक पाखरू बोलत नाही. बँड मुका झाल्यासारखं —

दाराशी हाक आली. "निकेश." गुणवंतरावांचा आवाज. ते आजच येणार होते.

एकदाच.

दुसरी येऊ दे. गुणवंतराव, अजून एकदा —

नाही. दारामागे नुसता श्वास. एकसारखा. जराही कमीजास्त नाही —

पण खरंच तेच असले तर? डोळ्यावर पट्टी असेल. ओ नाही दिली तर ते जंगलात हरवतील. हळूच देतो, अगदी हळू —