जालन्याची मुलाखत

कुंभार पिंपळगाव,
१४ जुलै १९९६

प्रिय बेबीताई,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. बाळंतपणानंतर तुझी तब्येत सुधारली हे वाचून आईला बरं वाटलं. इकडे कपाशी उगवून आली आहे. आबांचा गुडघा तसाच. आई डिंकाचे लाडू करून ठेवते आहे, कोणी नांदेडकडे निघालं की पाठवू.

जालन्याच्या मुलाखतीचं काय झालं म्हणून तू विचारलंस. झाली. नोकरी मच्छिंद्रला लागली. कॉलेजात तो माझ्याच बॅचला होता, तिसऱ्या वर्षी दोन विषय राहिले होते त्याचे. मुलगा वाईट नाही. स्वतः येऊन सांगून गेला, मान खाली घालून.

बियाण्याची कंपनी, जागा फील्ड ऑफिसरची. आत तिघे साहेब. कपाशीच्या संकरावर एक प्रश्न विचारला. मी उत्तर देत होते, तोच मधल्या साहेबांनी थांबवलं. "ते असू द्या. लग्न कधी आहे?"

"ठरलं नाही, सर."

"ठरंल की. मंग वर्षात पाळणा. आमच्या प्लॉटवर कोण जाईल? उन्हातान्हाचं काम हे, बायांचं न्हाई."

मी म्हटलं, "सर, प्लॉटवर परागीकरण करणाऱ्या सगळ्या बायाच असतात. त्यातल्या कितीतरी पोटुशा असतात."

"त्या मजूर आहेत," साहेब म्हणाले, आणि तिघेही हसले.

ताई, यापुढचं मी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांनी माझी फाईल मिटली आणि मला काय झालं कुणास ठाऊक. मी म्हणाले, "मला मूल होणार नाही. डॉक्टरांनी सांगितलंय."

साफ खोटं. मी कधी कुठल्या डॉक्टरकडे गेलेलीच नाही. पण हसणं थांबलं. कोपऱ्यातला कारकून वर बघायला लागला. साहेब हळू आवाजात म्हणाले, "बरं, या तुम्ही." मला वाटलं, आता तरी घेतील. इतकी खुळी मी.

तो कारकून अंबडचा निघाला. भाऊजींनी माझ्यासाठी आणलेलं स्थळ ज्या गल्लीतलं, त्याच गल्लीतला. त्यानं तिकडे सांगितलं, म्हणून ते लोक बोलणी करायला आले नाहीत. तुझ्या पत्रात त्या स्थळाचा एक शब्दही नाही, म्हणजे तिकडे कळलं असणार. माझ्यापायी तुला ऐकून घ्यावं लागत असेल.

आबांना बाजारात कळलं. घरी येऊन ओट्यावर बसले, पाणीसुद्धा घेतलं नाही. मी खरं ते सांगितलं. ते म्हणाले, "मंग सोपं हाये. डॉक्टरीणबाईकडं जाऊ, तपासून घेऊ, पाहुण्यायला कागद दाखवू. जल्दी केलेलं बरं."

"पोरीची अशी तपासणी?" आई म्हणाली. पण माझी चप्पल तिनंच दाराशी आणून ठेवली.

मी गेले नाही. म्हटलं, "आबा, नोकरी देणाऱ्यांना माझं पोटच बघायचं होतं, सून करणाऱ्यांनाही तेच. मी कुणालाच दाखवणार न्हाई." आबांनी हात उगारला. मारलं नाही. पण तेव्हापासून बोलत नाहीत, आणि मी वाढलं तर जेवत नाहीत.

पुढच्या मंगळवारी औरंगाबादला दुसऱ्या कंपनीची मुलाखत आहे. आईनं गुपचूप गाडीभाडं दिलंय. तिथेही तेच विचारतील. काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही, पण जाणार आहे.

लेकीच्या नामकरणाला ये म्हणून तू लिहिलंस, त्याचं उत्तर मी मघापासून टाळते आहे. काल शेजारच्या कांताबाईचं पोर माझ्याकडे झेपावलं, मी घेतलं. ती आली आणि माझ्या कडेवरून काढून घेऊन गेली. लहानपणापासून मला ओळखणारी बाई. तुझ्या सासरी भरल्या घरात मी हात पुढे केले, तर बाळ द्यायचं की नाही, हे तुला सगळ्यांसमोर ठरवावं लागेल. तू दिलंच असतंस, मला माहीत आहे. पण आधी सासूबाईंकडे बघितलं असतंस.

म्हणून मी येत नाही. नाव काय ठेवलं ते कळव.

तिची मावशी,
प्रभावती