हजार वॉटची ऊब

प्रिय आबा,

आज दुपारी दहावीच्या वर्गात मी फळ्यासमोर अडकले, म्हणून हे पत्र. 'एका हीटरला २३० व्होल्ट विभवांतर दिले' एवढं लिहिलं आणि खडू पुढे सरकेना. मुलांना वाटलं, बाई गणित विसरल्या. विसरतेय कुठली? एकोणीस वर्षं तेच तर शिकवतेय!

आपल्या मार्गासनीच्या घरी हीटर मीच आणला होता. एक हजार वॉटचा. लावून दिला आणि मास्तरणीच्या तोऱ्यात बजावलं, "आता थंडी वाजते म्हणायचं नाही." मग भोरला परतले.

दोन दिवसांत तुमचा फोन. "शालू, कांडी तांबडीच व्हईना गं. ऊब लागत न्हाई."

"आबा, हजार वॉटचा आहे तो! वयामुळे तसं वाटतं."

"आगं, लाईट बारीक हाय. सांजच्याला समद्यांच्या मोटारी चालू असत्यात गव्हाला."

मी हसले. हो, हसले!

तुम्ही भांडला का नाहीत? एरवी वीतभर बांधासाठी गाव डोक्यावर घ्यायचात. लेक चार बुकं शिकली म्हणून तिचंच खरं मानलंत? त्यानंतर तुम्ही थंडीचा विषय काढला नाही. मला वाटलं, चला, हीटर लागू पडला.

थंडीनं गेलात असं डॉक्टर म्हणाले नाहीत. छातीत कफ होता, वयही होतं. पण शेवटचे पंधरा दिवस तुम्ही कुडकुडत काढलेत, आणि मी मात्र इथे निर्धास्त होते. ते काही केल्या मनातून जात नाही.

तेराव्यानंतर एका संध्याकाळी राहवेना. गावातल्या वायरमनला बोलावलं. घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त हीटर चालू ठेवला. त्यानं मीटर लावला. "मॅडम, एकशे पंचेचाळीस व्होल्ट. करंट दोन पॉइंट सात."

कॅलेंडरच्या पाठीमागं हिशेब मांडला. व्होल्टला अँपिअरनं भागलं. रोध चोपन्न ओहमच्या आसपास. नव्या हीटरचा असतो तेवढाच. म्हणजे हीटरमध्ये दोष नव्हता. तुमच्यातही नव्हता. मग व्होल्ट गुणिले अँपिअर केलं. चारशे वॉटसुद्धा भरेनात!

आबा, निम्मी ऊबही पोचत नव्हती तुमच्यापर्यंत. आपलं घर लाईनीच्या पार टोकाला, संध्याकाळी विजेचा दाब उतरणारच. मुलांना 'दोनशे तीस धरा' सांगता सांगता तुमच्या घरीही मी तेच धरून बसले. तुम्ही मात्र मीटरशिवाय बरोबर सांगत होतात.

आई चुलीपाशी बसून बघत होती. म्हणाली, "येवढं कागदावर कशाला काढायचं? येऊन त्यांच्या पायाला हात लावला आसता तरी कळलं आसतं."

मी कॅलेंडर परत भिंतीवर अडकवलं.

परवा तिचा फोन होता. "गुडघं लई धरल्यात गं." 'वयामुळे होतं तसं' हे उत्तर माझ्या ओठांवर तयार होतं. गिळलं. शनिवारी शाळा सुटली की नसरापूरला एसटी बदलून येतेय, दोन दिवस राहायलाच.

आबा, शब्द देते. आईचं दुखणं मी भोरमध्ये बसून ठरवणार नाही. तुमचं ठरवलं, तेवढं पुरे झालं.

तुमची,
शालू