‘टेर्ना’ बोट कोणालाही न देण्याबाबत

मी, गुनवोर सोलबाक, वय एकोणऐंशी, राहणार सांडव्होग बंदर, व्हेस्टरोलेन, सध्या मुक्काम इथल्याच वृद्धाश्रमात, असे लिहून ठेवते की माझी फुप्फुसे कामातून गेली आहेत, डोके नाही. हे मृत्युपत्र मी कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. ज्यांच्या कानावर घातले ते सगळे ‘असे काही करू नकोस’ म्हणाले. आधीच्या मृत्युपत्राने मी माझी बोट यल्वाला दिली होती. ते मृत्युपत्र मी आजपासून रद्द करते.

कलम १. मला मूलबाळ नाही. पती टोरलाइफ वारले. यल्वा ही माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीणही गेली. पोरीला माझ्याशिवाय आणि मला पोरीशिवाय कोणी नाही, हे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

कलम २. अंमलबजावणी धक्क्यावरचे शेजारी आसब्योर्न नेस यांनी करावी. ते हळवे आहेत, यल्वा रडली की विरघळतील. आसब्योर्न, विरघळायचे नाही.

कलम ३. माझी हत्यारे, म्हणजे पाने, पाइप वाकवायचे यंत्र आणि धुराडे साफ करायचा ब्रश, आसब्योर्ननेच घ्यावीत. टोरलाइफच्या मागे इतकी वर्षे या बंदरात बोटींचे हीटर मीच बसवले. पुरुष मंडळी आधी हसायची आणि मग जानेवारीत निरोप पाठवायची.

कलम ४. बोटीच्या पुढच्या कप्प्यात खोक्यात नवा डिझेल हीटर आहे, आठ किलोवॉटचा. तो यल्वाने आणला. तो दुकानदाराला परत द्यावा आणि पैसे घेतल्याशिवाय हलू नये. याच दुकानदाराच्या वडिलांनी टोरलाइफला असाच विकला होता.

‘‘अकरा मीटरची बोट ना? मग मोठाच न्या,’’ म्हातारा म्हणाला होता. ‘‘लहान घेऊन कुडकुडण्यापेक्षा मोठा घेऊन मंद ठेवलेला काय वाईट?’’

मी म्हटले, ‘‘अहो, आमची केबिन केवढी! तीन किलोवॉट रगड झाले.’’

‘‘वहिनी, थंडी बायकांना जास्त वाजते. यांना विचारा.’’ आणि दोघे हसले.

मोठा घेऊन मंद ठेवण्यातच सगळी गोम आहे. डिझेलचा हीटर ताकदीने जळला तर स्वच्छ जळतो. लहान जागेत मोठा बसवला की तो दिवसभर धुमसत राहतो, आतून काजळी धरतो आणि ऐन कडाक्यात विझतो. शिवाय गरम हवा फेकणारा पंखा बॅटरी पितो. गरम पाणी नळ्यांतून फिरवणारा प्रकार चांगला, पण मोठ्या बोटींना. आमच्यासारख्यांना थेंबथेंब तेलावर जळणारी साधी शेगडीच बरी. तिला वीज लागत नाही. सरळ धुराडे आणि पेटवणाऱ्याला धीर एवढेच लागते. टोरलाइफला धीर नव्हता.

मी बहिणीच्या बाळंतपणाला गेले होते. हीटर विझला. त्याने स्वयंपाकाची रॉकेलची चूल उबेसाठी पेटवली, गार वारे येते म्हणून हवेच्या झडपेत लोकरी मोजा कोंबला आणि झोपला. दार तोडले तेव्हा केबिन छान ऊबदार होती, असे मला सांगितले गेले. सांगणाऱ्याचा हेतू चांगला होता. मी त्याला अजून क्षमा केलेली नाही.

तेव्हा जन्मलेली मुलगी म्हणजे यल्वा.

कलम ५. थेंबाची ती शेगडी मी नंतर स्वतः बसवली. ती आसब्योर्नच्या जाळ्यांच्या खोलीत लावावी. यल्वाला ती नको आहे. ‘‘मावशी, वास येतो गं तिचा. आणि काडी ओढून वाट कोण बघत बसणार? हल्ली सगळं मोबाइलवरून चालू होतं.’’

कलम ६. बोट.

या शरद ऋतूत, आश्रमात येण्याआधी, मी एका सकाळी बोटीवर गेले. यल्वा शनिवार-रविवार तिथे राहायची. माझ्यामागे भाड्याची खोली सोडून कायमची राहणार होती. शेगडी पेटलेली, पोरगी झोपलेली. झडपेत तिचा हातमोजा कोंबलेला. विषारी वायूची सूचना देणारा भोंगा टेबलावर उताणा, पोटात बॅटरी नाही. मी तिला केसांना धरून बाहेर ओढली.

‘‘अगं मावशी, वेड लागलं का तुला? मासे तळले की बोंबलतो मेला, म्हणून काढली बॅटरी.’’

‘‘आणि हा मोजा?’’

‘‘वारं येत होतं.’’

‘‘तुझा काका याच झडपेखाली मेला, यल्वा.’’

‘‘ते जुनं झालं गं. म्हणून तर मोठा हीटर आणलाय. हा विझणारच नाही.’’

तिने मला कॉफी दिली, गालाचा मुका घेतला आणि माझ्यादेखत झडप उघडली. मी धक्क्यावर पोहोचून मागे वळून पाहिले, तर ती पुन्हा बंद होती.

मी अट घालून पाहिली. वकील म्हणाले, ‘‘बाई, अट लिहिता येते, पण रात्री झडप तपासायला कागद जात नाही.’’ बरोबर आहे. मीही जाणार नाही.

म्हणून ‘टेर्ना’ माझ्या मृत्यूनंतर किनाऱ्यावर ओढावी आणि करवतीने तिचे तुकडे करावेत. विकू नये, यल्वा परत विकत घेईल. मला हे मान्य आहे की या बोटीइतके मी जगात दुसरे काही जपलेले नाही.

कलम ७. बँकेतली शिल्लक यल्वाच्या जमिनीवरच्या खोलीच्या भाड्यासाठी आहे. आसब्योर्नने ती परस्पर घरमालकाला द्यावी. पैसे संपल्यावर ती दुसरी बोट घेईल, दुसरा मोठा हीटर घेईल, हे मला दिसते आहे आणि त्यावर माझ्याकडे उपाय नाही. मी फक्त काही हिवाळे पुढे ढकलते आहे.

कलम ८. यल्वा, तू मला शिव्या देशील. धक्क्यावर उभी राहून सगळ्यांना ऐकू जातील अशा दे. तुझं घर तोडलं म्हण, दुष्ट होती म्हण, माझ्या थडग्यावर येऊ नकोस. पण दरवर्षी दे बाई, म्हातारी होईपर्यंत दे.

वाचून, समजून, दोघा साक्षीदारांसमोर सही केली.

गुनवोर सोलबाक

साक्षीदार: टुरिड व्होल्डेन, परिचारिका
साक्षीदार: इंगेब्रिक्ट मूएन, चर्चचे ऑर्गनवादक

सांडव्होग, १९ नोव्हेंबर २०१९