उतरणीकडून न पाहिलेला रस्ता

नाना, उद्या सकाळी साडेसहाला शाळेच्या फाटकाशी किती मुली सायकली घेऊन उभ्या असतील, ते मला आत्ता सांगता येत नाही. परवापर्यंत बावीस होत्या. शनिवारची शाळा सुटली आहे, स्टाफरूममध्ये मी एकटीच आहे आणि फोन टेबलावर पालथा घालून ठेवला आहे. तो थरथरला की उचलून बघावासा वाटतो. म्हणून वहीतली मधली पानं काढून तुम्हाला लिहायला बसले. तुम्ही गेलात तेव्हा मी आठवीत होते. आता मी आठवीला विज्ञान शिकवते.

आमच्या शाळेतल्या पुष्कळ मुली सायकलने येतात. घरून शाळा, शाळेतून घर, तेवढाच रस्ता त्यांचा. त्याच्या पुढे जायचं तर बापाच्या नाहीतर भावाच्या मोटारसायकलवर मागे बसून. मला ते फार लागायचं. म्हणून जूनमध्ये मी त्यांचा सायकल गट काढला आणि दिवाळीनंतर ठरवलं, की एक दिवस जंगलातून मोठा फेरा मारून यायचं. शाळेतून गिरणारे गाव, पुढे सागाच्या जंगलातला घाट चढायचा, पलीकडे त्र्यंबक रस्त्याला लागायचं आणि त्या रस्त्याने परत. साधारण पंचेचाळीस किलोमीटर. ज्या मुलीने कधी दहाच्या वर चालवली नाही तिला दम लागेल, पण रडू येणार नाही, असा रस्ता मला हवा होता. मी वहीत सगळं लिहून काढलं. पाणी कुठे, सावली कुठे, पंक्चर काढणारा शेवटचा माणूस कुठे, सगळ्यात हळू मुलगी कुठल्या वळणावर किती वाजता पोचेल. शेजारच्या टेबलावरच्या भूगोलाच्या बाई वही बघून म्हणाल्या, "अगं, मुली फिरायला नेतेस का वऱ्हाड? एवढ्या याद्या तर माझ्या लग्नात नव्हत्या."

डिसेंबरात एका रविवारी मी एकटी सायकलवर जाऊन तो अख्खा फेरा मारून आले. घाटात दोनदा उतरले, एका वळणावर सायकल हातात धरून चालले, तिथे फोटो काढला. फोटोत मी हसते आहे, मागे सागाची वाळकी पानं आणि खाली गिरणाऱ्याकडची द्राक्षांची शेतं. घरी येऊन लिहिलं, रस्ता चांगला. मग भूगोलाच्या बाईंनीच नकाशा पुढे ओढून एक चांगली सूचना केली. रविवारी दुपारी त्र्यंबक रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, मुली दमलेल्या असताना त्या गर्दीत कशाला घालायच्या? फेरा उलटा करा. पहाटेच्या मोकळ्या रस्त्याने त्र्यंबककडे जा, मग जंगल, मग घाट उतरून गिरणाऱ्याला जेवण. सगळ्यांना पटलं, मलाही पटलं. मी वहीतले बाण खोडले आणि उलटे काढले. पाच मिनिटांचं काम. मुख्याध्यापिका बाईंनी सही करताना चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "हे बघ, एकदा परवानगी दिली. आता रोज नवीन काही घेऊन आलीस, तर गटही बंद आणि फेराही बंद. मला वर उत्तर द्यावं लागतं."

पालकांच्या सभेत एक टेम्पो चालवणारे गृहस्थ होते. विंचूरहून कांदा भरून गुजरातकडे जातात, सगळे घाट त्यांना पाठ. त्यांची मुलगी आमच्या गटात सगळ्यात वेगवान आहे, ब्रेक हा सायकलचा दागिना आहे असं तिला वाटतं. ते शेवटच्या बाकावरून उठले. "मॅडम, बाकी काय नाय विचारत मी. हा असा, ह्या बाजूनं रस्ता तुम्ही सोता पाह्यलाय ना?" हाताने त्यांनी हवेत उताराची रेघ ओढून दाखवली. म्हणजे प्रश्न अगदी स्पष्ट होता, मला नीट कळला होता. मी म्हटलं, "हो, पाहिलाय." ते म्हणाले, "मग झालं," आणि सगळ्यात आधी त्यांनी सही केली. त्यांचं बघून बाकीच्यांनी केली.

मी असं का म्हटलं? नाना, तुम्ही गेल्यावर घरातला प्रत्येक कागद माझ्या हातात येतो. काकांचा सातबारा, आईच्या औषधाची चिठ्ठी, शेजारच्या मावशींच्या गॅसचा अर्ज. वाचून होईपर्यंत सगळे माझ्या तोंडाकडे बघत उभे असतात, आणि मी "पाहिलंय" म्हटलं की त्यांचे खांदे खाली येतात. घरात पदवी एकटीचीच. त्यामुळे मला एक सवय लागली आहे. कागद अर्धा वाचून झाला असला, तरी त्यांचे खांदे बघून मी "पाहिलंय" म्हणते आणि उरलेला नंतर वाचते. आजवर त्यात काही बिघडलं नव्हतं.

तुमच्याबरोबर सबस्टेशनला गेले होते तो दिवस मला या आठवड्यात सारखा आठवतो आहे. मी चौथीत असेन, मे महिना आहे, तुम्ही मला सायकलच्या नळीवर बसवून कामावर नेलं आहे. तुम्ही वायरमन, तुमच्या खाकी पिशवीत पकड आणि दोर. सबस्टेशनमधल्या माणसाकडून तुम्ही लाइन बंद करून घेता, वहीत सही करता, मग आपण उन्हातून दूरच्या खांबापाशी जातो. काम संपतं. तुमच्या हाताखालचा माणूस म्हणतो, "नाना, कशाला परत जाता एवढ्या उन्हाचं? मी फोन करून टाकतो, सोडा म्हणतो लाइन." तुम्ही पिशवी खांद्याला लावता आणि सायकलला टांग मारता. सहा किलोमीटर परत. गावातले पंखे बंद, वाटेत दोन जणांनी तुम्हाला शिव्या दिल्या. सबस्टेशनमध्ये तुम्ही वहीत पुन्हा सही केलीत, तेव्हा कुठे लाइन सुरू झाली.

संध्याकाळी स्वयंपाकघरात मी आईला ते हसत हसत सांगत होते. नाना किती वेडे आहेत, एका फोनचं काम होतं. तुम्ही भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवलात. "ज्यानं बंद करून घेतली त्यानंच जाऊन परत द्यायची," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, पण काम तर झालं होतं ना! "झालं होतं हे मला ठाऊक. फोनवर बोलणाऱ्याला काय ठाऊक? उद्या मी खांबावर असताना कुणी असाच फोन केला तर तू हसशील का?" आई म्हणाली, लहान आहे ती, जेवू द्या. तुम्ही जेवलात, पण माझ्याशी बोलला नाहीत. मला तेव्हा तुमचा राग आला होता. एवढ्याशा गोष्टीवर गप्प बसायचं काय कारण, असं वाटलं होतं.

परवा, गुरुवारी, मी अर्धी रजा काढून घाटावर गेले. वर एक बाई चहाची टपरी चालवते, तिला बावीस जणींच्या पाण्याचं सांगायचं होतं. सायकल बसच्या टपावर टाकली, म्हटलं परत येताना उतारच आहे. त्या बाईने पाण्याचा माठ दाखवला, पैसे नको म्हणाली, आणि मी टांग मारली तशी मागून ओरडली, "ए पोरी, हळू जा गं! पानांखाली खडी हाय लय!" मी हात हलवला. पहिली दोन वळणं मजेत गेली. तिसरं वळण माझ्या फोटोतलं. चढताना मी तिथे डोंगराच्या कडेने चालत होते आणि पायाखाली बघायचं कारण नव्हतं. उतरताना डावी कड म्हणजे दरीची. कठड्याचे दगड अर्धे ढासळलेले, आणि वळणाच्या पोटात रस्ता आहे असं वाटतं तिथे नुसती सागाची पानं साचलेली. मी ब्रेक दाबले. मागचं चाक पानांवरून सरकलं, खाली खडी लागली, सायकल आडवी होत होत कडेकडे चालली. खालून एक पिकअप हॉर्न वाजवत वर येत होती. मी पाय टेकला तो खडीत घसरत गेला. शेवटी हँडल एका दगडाला अडकलं आणि मी गुडघ्यावर पडले. पिकअप शेजारून निघून गेली, थांबलीही नाही. पुढचं चाक हवेत फिरत होतं.

मी उठून सायकल सरळ केली. माझ्या वहीत त्या वळणापुढे वेळ लिहिली होती, सव्वाअकरा. सव्वाअकराला तिथे ती टेम्पोवाल्यांची मुलगी सगळ्यांच्या पुढे असणार, आणि तिच्या मागे तिला गाठायला निघालेल्या चार-पाच जणी.

काल सकाळी मी मुख्याध्यापिका बाईंच्या खोलीत गेले. फेरा पुन्हा सुलटा करायला हवा, घाट चढायचाच हवा, आणि मी उतरणीकडून रस्ता न पाहता पाहिला म्हणून सांगितलं होतं, हे त्यांना सांगितलं. त्यांनी गुडघ्यावरच्या पट्टीकडे पाहिलं. "पालकांना हे तू सांगणार का मी सांगू?" मी म्हटलं, मी. "मग ज्यांची नव्याने सही येईल त्याच मुली. दहाच्या खाली आल्या तर फेरा नाही. आणि गटाचं पुढे काय ते सोमवारी बघू." गटाचं नाव काढताना त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. भूगोलाच्या बाई बाहेरच उभ्या होत्या. म्हणाल्या, "उलटा करा मीच म्हटलं होतं. त्र्यंबक रस्त्यावर मुलींच्या मागे मी स्कूटी घेऊन येते. माझी स्कूटी बघून ट्रकवालेही घाबरतात."

मग मी पालकांच्या ग्रुपवर लिहिलं. चार ओळी लिहायला मधली सुट्टी अख्खी गेली. टेम्पोवाल्या गृहस्थांना मात्र फोन केला, कारण त्यांनी मला तोंडावर विचारलं होतं. ते वाटेत कुठेतरी होते, मागे इंजिनाचा आवाज. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, माझ्या सहीमागं धा जणांनी सह्या केल्या. त्यांना मी आता काय तोंड दाखवू?" मी म्हटलं, चूक माझी आहे. "ती हायच. पोरगी नाय येणार माझी." आणि फोन ठेवला. संध्याकाळी त्या मुलीचा मेसेज आला. मॅडम कशाला सांगितलंत, मी हळू उतरले असते ना. नाना, ती हळू उतरली नसती. हे तिला माहीत नाही, मला माहीत आहे, आणि तिच्या बापाला माहीत होतं म्हणून तर त्यांनी विचारलं होतं.

आत्तापर्यंत नऊ सह्या आल्या आहेत. दहावी आली की फेरा होईल. नाही आली, तरी उद्या साडेसहाला मी फाटकाशी जाऊन उभी राहणार आहे, कारण ज्यांच्या सह्या आल्या त्यांना फेरा रद्द झाल्याचं मी फोनवर सांगणार नाही. फोन आत्ता पुन्हा थरथरला. हे लिहून झाल्याशिवाय मी तो उलटणार नाही.

कारण एक गोष्ट मी मुख्याध्यापिका बाईंना सांगितली नाही, ग्रुपवरही लिहिली नाही आणि टेम्पोवाल्यांनाही बोलले नाही. घाटात मी गुडघ्यावर पडले, पिकअप निघून गेली, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा मुली आल्या नाहीत. मी मान वळवून वर टपरीकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. कोणी नव्हतं. आणि मला बरं वाटलं, की कोणी पाहिलं नाही.