दिवाळीच्या आत घर मोकळं

१ जानेवारी १९३७
पहाटे चारला उठून हे लिहायचं ठरवलं होतं. आता पावणेआठ. थंडी फार. उद्यापासून चार.

नव्या वर्षाचं रिझोल्यूशन: धंतोलीचं घर या दिवाळीच्या आत गहाणातून सोडवायचं. गणपतरावांचे नऊशे रुपये राहिले आहेत. कागदात मुदत अजून सात वर्षांची आहे, पण सात वर्षं हप्ते भरत बसायला मी काही गोगलगाय नाही. दहा महिने, दरमहा नव्वद. पगार पंचाहत्तर. थोडी तूट येते. ती विल पॉवरने भरून काढायची.

काटकसरीची सुरुवात भैयाजी डॉक्टरांपासून. इतकी वर्षं ते माझ्या छातीला नळी लावताहेत आणि निदान एकच: दमा, जन्माचा सोबती, औषध सोडू नका. ज्याचं औषध कधी संपत नाही तो डॉक्टर हुशार, पेशंट मूर्ख. मला दमा नाही. मला थंडी सोसत नाही, धूळ सोसत नाही, धूर सोसत नाही आणि जिने सोसत नाहीत. यात दमा कुठे आला?

मिक्श्चर बंद. गोळ्या बंद. बायकोला सांगितलं. इंदुने बाटली उचलून फडताळात नीट ठेवली. चांगल्या योजनेला घरातून उत्तेजन मिळत नाही, हा माझा जुना अनुभव.

४ जानेवारी
ऑफिसला पायी. पैशाची बचत, शिवाय व्यायाम.

सीताबर्डीपर्यंत उत्तम. पुढे एका मोरीच्या कठड्यावर जरा टेकलो, सृष्टिसौंदर्य बघायला. कुठून तरी बारीक शिट्टी ऐकू येत होती. वाटलं, स्टेशनात गाडी असेल. नीट कान दिला तर ती माझ्याच छातीतून.

नंतरचं नीट आठवत नाही. ओळखीच्या दोघांनी उचलून संत्र्यांच्या रिकाम्या बैलबंडीत आडवं घातलं म्हणे. बंडी ऑफिसच्या फाटकात शिरली तेव्हा साहेब पोर्चमध्ये उभे होते. त्यांनी हॅट काढून हातात धरली. मी उठून बसल्यावर परत घातली.

पहिला दिवस म्हणून.

१० जानेवारी, रविवार
चालणं तूर्त टेम्पररी बंद. आजपासून प्राणायाम. ही सिस्टिम पूर्ण सायंटिफिक असून खर्च शून्य. पुस्तकात लिहिलं आहे: श्वास घ्यावा, रोखावा, सावकाश सोडावा. घेणं कसंबसं जमतं. रोखणं तर उत्तम जमतं, मुद्दाम करावंही लागत नाही. सोडणं राहिलं आहे.

२४ जानेवारी, रविवार
तुटीचा प्रश्न सुटला! उपाय डोक्यावरच होता. माडी!

ज्या माडीपायी कर्ज काढलं तीच माडी कर्ज फेडणार. इतवारीतले एक व्यापारी, ओमप्रकाश नावाचे, माल ठेवायला जागा शोधत होते. मी बारा सांगणार होतो, त्यांनी स्वतःच अठरा म्हटले. तीन महिन्यांचं भाडं आगाऊ. सत्यवतीचा अभ्यास वर चालायचा. यंदा ती मॅट्रिकला बसते आहे. तिचं टेबल खाली स्वयंपाकघरालगत आणलं. मुलगी गुणी आहे. एवढंच म्हणाली, "बाबा, इथे अंधार आहे." अंधारात एकाग्रता वाढते असं मी सांगितलं.

इंदुने विचारलं, "इतकं जास्त भाडं काहून देऊन राहिले ते? दुसरीकडे कोणी जागा देत नाही काय त्यांना?"

मी सांगितलं की आपली माडी हवेशीर आहे. माल कोणता, हेही तिने विचारलं. ओमप्रकाश म्हणाले होते, "सुका माल आहे बाबूजी, काही तकलीफ होनार नाही." सुक्या मालाला काय वाईट? ओल असती तर मीच नाही म्हटलं असतं.

२ फेब्रुवारी
माल आला. मिरची.

भिवापूरकडची, लालभडक, पोती छतापर्यंत. सकाळपासून घरातली सगळी माणसं, शेजारची माणसं आणि गल्लीतून जाणारी माणसं शिंकताहेत. दूधवाला माप टाकून पळाला.

शांतपणे विचार केला. मिरची उष्ण. माझा विकार, असलाच तर, कफाचा. उष्णतेने कफ सुकतो. म्हणजे अठरा रुपये भाडं आणि वर औषध फुकट. हे इंदुला समजावत होतो, पण वाक्य पुरं झालं नाही.

९ फेब्रुवारी
परिणाम दिसायला थोडे दिवस लागणारच.

मधल्या खोलीत बसवत नाही म्हणून अंथरूण ओसरीवर घेतलं. ओसरीवर पडवेना म्हणून अंगणात. अंगणातून फाटकापाशी. घर मोकळं करता करता मीच घरातून मोकळा होत चाललो आहे. सत्यवतीचे डोळे सुजले आहेत. ओला रुमाल डोळ्यांवर ठेवून ती इतिहास पाठ म्हणते आणि इंदु पुस्तक धरून तपासते.

ऑफिसात हेडक्लार्क रुपरावांनी विचारलं की तब्येत कशी आहे. म्हटलं, फर्स्टक्लास. त्यांनी माझं टेबल खिडकीशी हलवलं. खिडकीखाली रस्ता, रस्त्यावर धूळ. पण माणूस भला.

१४ फेब्रुवारी, रविवार
पहिला धडाक्याचा भरणा. पन्नास रुपये रोख!

गणपतराव महाल भागात राहतात. कुहीकडे त्यांची मालगुजारी आहे, जमीनदारच म्हणा, धानाची शेती आहे. वय सत्तरीला आलेलं, पण जिना दोन उड्यांत चढतात. मी तोच जिना हळूहळू, मोठ्या रुबाबात चढलो. वर पोचलो आणि पैसे पुढे केले. बोलायचं बरंच ठरवलं होतं.

"हे कशाचे जी शरदराव?" ते म्हणाले. "हप्ता तर मले परवाच भेटला."

मी म्हटलं, "मुदतीआधी". थोड्या वेळाने म्हटलं, "फेडून". आणखी थोड्या वेळाने, "टाकतो".

"आधी बसा गा. पाणी प्या." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "घाई काहून करून राहिले? मी मागून राहिलो काय? ह्या पैशाचं औषध घ्या, मले चालते."

पैसे घेतले मात्र. पावती दिली आणि मला आपल्या छकड्यातून घरी पोचवलं. व्याज बुडेल म्हणून हे लोक गोड बोलतात, हे न समजायला मी मूर्ख नाही.

२० फेब्रुवारी
इंदु सत्यवतीला घेऊन बहिणीकडे, कुसुमताईंकडे महालात गेली. परीक्षा होईपर्यंत. निघताना मला म्हणाली, "तुम्हीही चला."

म्हटलं, घर टाकून कसा येऊ?

"घर कुठे जाऊन राहिलं?" ती म्हणाली. "मिरची जाईल तेव्हा कळवा."

मिरची जाऊन कसं चालेल? तिच्यावर सगळा प्लॅन उभा आहे. पण एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नसेल: दोन माणसं कमी म्हणजे घरखर्च चटकन उतरला. प्लॅनमध्ये नसलेली बचत! देव आपल्या बाजूने आहे.

२६ फेब्रुवारी
पहिल्या दिवशी भात करपला. दुसऱ्या दिवशी चूल पेटवताना धूर झाला आणि मीच बाहेर आलो. सध्या खाणावळीत जेवतो. तिघांच्या घरखर्चापेक्षा एकट्याचं बिल जास्त कसं होतं, याचा तपास करायचा आहे.

घर मोठं वाटतं. बसलं की छाती भरते, निजलं की जास्त भरते, उभं राहिलं की पाय थरथरतात. टेबलावर दोन्ही हात टेकून ओणवं उभं राहिलं तर थोडं बरं. मग पुन्हा फेऱ्या. ओसरी, अंगण, फाटक, परत ओसरी. दुपारी पोस्टमन बराच वेळ बघत होता. म्हणाला, "बाबूजी, काही हरपलं काय?"

महालात एक चक्कर टाकावी असं रोज ठरवतो. मी बरा दिसलो की जाईन.

८ मार्च
हद्द झाली. ओमप्रकाशांनी आज मिरचीचे देठ खुडायला दहा-बारा बाया गच्चीवर बसवल्या. तांबूस धुरळा खिडकीतून आत येताना डोळ्यांनी दिसत होता. बाया डोक्यातोंडाला फडकी बांधून मजेत गाणी म्हणत होत्या.

कडक निषेध नोंदवायचा म्हणून जिना चढलो. वाक्यं इंग्रजीत तयार केली होती. वर पोचेतो एकही शिल्लक राहिलं नाही. ओमप्रकाशांपुढे गेलो, कठडा धरला आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते घाबरले. त्यांना वाटलं, मी अडचणीत आहे. म्हणाले, "रोते काहून बाबूजी? दोन रुपये जास्ती घ्या."

भाडं आता वीस. एका अर्थी निषेध यशस्वी.

१५ मार्च
तिसरा दिवस लीव्हवर. बिनपगारी. उद्या जाणार. झोप ना

२९ मार्च
मोठा दवाखाना. आजपासून पेन्सिल हातात धरता येते.

त्या दिवशी सत्यवती भूमितीचं पुस्तक न्यायला घरी आली होती, म्हणून. मी ओसरीच्या पायरीवर बसलो होतो. तिच्याशी अगदी नीट बोललो, चहा करायलाही सांगितला, असं मला आठवतं. ती म्हणते, तुमचे ओठ नुसते हलत होते आणि निळे झाले होते. पोर भरउन्हात अनवाणी भैयाजी डॉक्टरांकडे पळाली. त्यांनी इंजेक्शन दिलं आणि स्वतः सोबत बसून इथे आणलं. आठवडाभर काय चाललं होतं ते मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी तिचा भूमितीचा पेपर होता. तिने दिला. कसा गेला ते सांगत नाही.

भैयाजी रोज येतात. मला वाटलं होतं, "मी सांगितलं होतं" असं म्हणतील. अजून म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं वाटलं असतं.

३१ मार्च
इंदु खाटेशी बसून मोसंबं सोलत होती. वर न बघता म्हणाली, "एक विचारू? तुम्हाला दमा नाही. तुम्ही धडधाकट. मग सात वर्षं काहून नको होती? इतकी घाई कशाची लागली होती?"

उत्तर तयार होतं. श्वास नव्हता. थोड्या वेळाने श्वास आला, तेव्हा उत्तर नव्हतं.

तिने फोड माझ्या हातात ठेवली आणि तो हात बराच वेळ सोडला नाही.

ही वही कोणी वाचत नाही म्हणून लिहितो. माझ्यामागे त्या दोघींच्या दाराशी कोणी सावकार उभा राहू नये. एवढंच होतं.

१८ एप्रिल, रविवार
घरी आलो. माडी रिकामी! इंदुने परस्पर ओमप्रकाशांना बोलावून माल उचलायला लावला, भिंती धुवून चुना मारून घेतला. पुढच्या दिवसांचं आगाऊ भाडं परत द्यावं लागलं. दवाखाना, इंजेक्शनं, बिनपगारी रजा, त्यात हे. कुठून दिलं, विचारलं.

"गणपतरावांकडून," ती म्हणाली.

ती एकटीच जिना चढून गेली होती म्हणे. मला न विचारता! रागवायचं ठरवलं. डॉक्टरांनी रागवायला मनाई केली आहे.

२ मे, रविवार
दुपारी गणपतरावांकडे नवा कागद झाला. ते खाली अंगणातच बाज टाकून बसले होते, मला जिना नको म्हणून. जुनं आणि नवं मिळून अकराशे. मुदत अकरा वर्षं. हप्ता पूर्वीपेक्षा लहान.

दिवाळीचं आता काही बोलण्यात अर्थ नव्हता. तरी मी सुचवलं की एक कलम घालावं: कर्जदारास वाटल्यास मुदतीआधी रक्कम फेडता येईल. इंदु आणि गणपतराव एकदमच "नाही" म्हणाले. उलट गणपतरावांनी आपल्या हाताने एक ओळ वाढवली. हप्ता कर्जदाराने स्वतः आणून द्यावा, कोणाच्या हाती पाठवू नये.

"ही कसली अट?" मी विचारलं.

"महिन्यातून एकडाव मले तुम्हाले पाहू द्या," ते म्हणाले. "ओठांचा रंग पाहीन, मंग पावती देईन."

मी म्हटलं, तुमची सत्तरी आली, अकरा वर्षं कोणी पाहिली आहेत?

"माह्यी काळजी नका करू," ते म्हणाले. "माह्यावर कर्ज नाही."

इंदुने कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, मग मला सही करू दिली. गणपतरावांनी शाई वाळायला कागद उन्हात धरला. मुलीच्या निकालाची चौकशी झाली, पन्हं झालं, आणि उन्हं उतरल्यावर आम्ही टांग्याने निघालो.

जुम्मा तलावाजवळ वारा आला. तिथे डोळा लागला असावा. जागा झालो तेव्हा टांगा आमच्या फाटकाशी उभा होता, घोडं चंदी खात होतं, आणि इंदु शेजारी तशीच बसून होती, माझं डोकं तिच्या खांद्यावर. दिवे लागले होते. किती महिन्यांनी झोपलात, उठवायचं जिवावर आलं, म्हणाली.

टांगेवाल्याने थांबल्याचे चार आणे जास्त घेतले.