चादरीचा कोपरा

३ मार्च, सोमवार
रुजू झाले. चौदा वर्षं सरकारी वॉर्डात उभ्याउभ्या जेवले, तेही तीन वाजता. इथे वृद्धांच्या शुश्रूषागृहात खाटा तीसच, आणि नर्सेससाठी वेगळी विसाव्याची खोली: मागे कलणारी खुर्ची, पाय बुडवायला कोमट पाण्याचं घमेलं, हातात आयता चहा. जावयाचाही एवढा लाड होत नाही. कर्मचाऱ्यांची काळजी घ्यायला एक बाई खास नेमलेल्या आहेत. सगळे त्यांना विसावाताई म्हणतात. ही वही त्यांनीच दिली. मनातलं लिहा, हलकं वाटतं, म्हणाल्या. राहायची खोली वरच्या मजल्यावर आहे. रविवारी, सोळाला सुट्टी. लेकीची नर्सिंगची शेवटची परीक्षा तोवर संपेल. वहिनीकडे जाऊन तिला भेटेन. जमलं तर तिलाही इथेच चिकटवीन.

४ मार्च
मेट्रनने नियम सांगितले. ड्युटीवर फोन लॉकरमध्ये. रहिवाशांच्या हाती पेन द्यायचं नाही, टोचून घेतात. दुपारी सात नंबरच्या आजींची चादर बदलली. त्यांनी मी घातलेला कोपरा सोडवला आणि स्वतः घातला, तिरकी घडी, तळव्याच्या कडेने दाबून, अगदी ट्रेनिंगमध्ये शिकवतात तशी. कुठे शिकलात, विचारलं. त्यांनी उलट विचारलं, किती दिवस झाले तुला? मग म्हणाल्या, त्या खुर्चीत बसू नकोस. मला हसू आलं. जन्मात पहिल्यांदा कोणी बस म्हणतंय, आणि ह्या उठवतायत.

६ मार्च
रोज एक कागद भरायचा असतो: आज किती थकलात, एक ते पाच. मी प्रामाणिकपणे चार लिहिलं. आमची आया माझ्याहून लहान, तरी सगळ्यांची मावशी. तिने टोमणा मारला, नव्याचे नऊ दिवस बाई, कंबर मोडली तरी एकच लिहायचं असतं. विसावाताईंनी मात्र सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं.

९ मार्च
माझ्याकडच्या दहापैकी सहा खाटा काढून घेतल्या. थोडं हलकं करू या, विसावाताई म्हणाल्या. दुपारी मला मऊ भात, जेवणानंतर माझं वजन. किती घास खाल्ले, तेही कोणीतरी मांडून ठेवतं. मावशी दोन दिवस दिसली नाही. विश्रांती घेतेय म्हणे. फोन मागितला, तर ताई म्हणाल्या, मीच तुमच्या वहिनींशी बोलले, घरचा घोर तुम्हाला कशाला.

११ मार्च
चार नंबरच्या आजोबांना उठवताना त्यांनी माझं मनगट धरलं. मला वाटलं, आधाराला. पण त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळावर होती. अर्धं मिनिट मोजून त्यांनी दुप्पट केली. माझी नाडी.
पाच नंबरच्या बाई दर दोन तासांनी शेजारणीची कूस बदलतात. कोणी सांगत नाही.
मेट्रन जेवायला गेल्यावर रहिवाशांच्या फायली काढल्या. प्रत्येकीत पहिला कागद एकच: नोकरीवर रुजू झाल्याचं पत्र. सात नंबरच्या आजींचं जन्मसाल माझंच आहे.

१२ मार्च
मावशी आठ नंबरच्या खाटेवर आहे. केस विंचरलेले, नखं कापलेली, मनगटाला पट्टी. मला ओळखलं. एकच दिवस तीन लिहिलं गं, म्हणाली. एकच दिवस.

१३ मार्च
आज मी एक लिहिलं. ताई शेजारी येऊन बसल्या. पाठीवरून हात फिरवत राहिल्या. लपवणं हेसुद्धा थकव्याचंच लक्षण, म्हणाल्या. त्यांनीच एक खोडून पाच केलं.
राजीनामा देते म्हटलं. त्यांनी तो शब्दही टिपून घेतला.
बूट धुवायला नेलेत. मऊ सपाता दिल्या आहेत. जिन्याचं दार आतून उघडत नाही.

१५ मार्च
कपाटात युनिफॉर्म नाही. फुलांचा गाऊन आहे.
वरची खोली झाडायची म्हणून खाली, पहिल्या मजल्यावरच्या वॉर्डात आणलं. खाट नऊ. चादरीचा कोपरा सैल होता. मीच नीट घातला. हात थांबेना—
वही उशीच्या अभ्र्यात. पेन सपातेत. उद्या रविवार. मी गेले नाही तर लेक विचारत येईल. येईलच.

१६ मार्च
आली. खिडकीतून दिसतेय. वहिनीने आणून सोडलं असेल. किती वाळलीय, परीक्षेची जागरणं.
हाका मारल्या. काचेतून जात नाहीत. चार नंबरच्या आजोबांनी माझं मनगट धरलं आणि मोजायला लागले.
ताई तिच्याशी बोलतायत. व्हरांड्यात खुर्ची आणली. घमेलं आणलं. पोरगी हसतेय, बूट काढतेय—
आता कागद दिला. पेन दिलं.
खिडकीला चार बोटं फट आहे. हे पान फाडून तिथून खाली टाकते. मागे सपाता वाजतायत, मेट्रन म्हणतेय, हिच्या हातात काय—
बाळा, मी वर आहे. मला न्यायला थांबू नकोस. बूट घाल. त्या विचारतील किती थकलीस, तर एक लिही. एकच. मला शोधायला आत ये—